करपलेल्या भांड्याचा इतिहास



इतिहासाच्या पुस्तकांत राजे, लढाया आणि तह यांची नोंद असते. त्या लढायांत सैन्याचे जेवण रोज शिजले, भांडी करपली आणि ती कुणीतरी घासली, याची नोंद सापडत नाही. आपल्या हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, हे गॅझेटियर सांगते. छावणीतील खरकटी भांडी कुणाच्या हातांखालून गेली, हे ते सांगत नाही. मी कामगारांच्या चळवळीतला माणूस आहे. तेव्हा आज त्या हातांचा इतिहास आपल्यापुढे मांडतो.

बुडाला लागलेले अन्न म्हणजे काय? पिठूळ व गोड पदार्थ फार तापले की त्यांतील पाणी उडून कोळसा उरतो. तेल तापून तापून लाखेसारखे कठीण होते. हा थर काढण्याचे मार्ग तीनच : भिजवून मऊ करणे, खाराने वा आंबटाने सोडवणे, आणि घासणे. आपल्या भागातील बायकांना हे तिन्ही मार्ग रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ठाऊक होते. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या जळत आणि चुलीतलीच राख भांड्यांना लागे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा खार असतो. तो तेलकट चिकटा सैल करतो आणि राखेचे बारीक कण उरलेले खरडून काढतात. तांब्या-पितळेला चिंच लावीत. चिंचेतील टार्टारिक आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते. चुलीवर चढवण्यापूर्वी भांड्याला बाहेरून मातीचा लेप देत. काजळी लेपावर बसे आणि लेपाबरोबर धुऊन जाई.

हात कुठे आवरायचा, हेही कळावे लागे. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असे. भांडे तापवून, नवसागर टाकून, वितळलेले कथील कापसाने फिरवले की तो रुपेरी थर चढतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून रिकामे भांडे आचेवर राहिले की कल्हई गेली, आणि करपलेले बूड उलथन्याने खरवडले तरी कल्हई गेली. मग त्या भांड्यात ताक वा आमटी कळकते आणि खाणाऱ्याला बाधते. म्हणून जाणती बाई रात्रीच पाणी घालून भांडे भिजत ठेवी आणि सकाळी चिंध्यांनी किंवा घोसाळ्याच्या वाळक्या जाळीने घाशी. हे कसबाचे काम होते. तरी कसबी लोकांच्या यादीत कल्हईवाला आला, घासणारी आली नाही.

आता राखेचा भाव पाहा. काच, साबण, कापड या धंद्यांना खार लागे. तो लाकडे जाळून, राख धुऊन काढीत. अमेरिकेने आपले पहिले पेटंट ३१ जुलै १७९० रोजी दिले, ते राखेपासून खार करण्याच्या सुधारित रीतीला. सॅम्युअल हॉपकिन्सला मिळालेल्या त्या कागदावर वॉशिंग्टन यांची सही आहे. पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये लब्लाँ याने मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आपल्याकडे मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ साली झाली. कारखानदाराच्या हाती खार आला की त्याचे भांडवल झाले. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाती होता, तोवर ती नुसती राख राहिली.

पुढे धातू बदलले. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली, आणि कालांतराने जर्मलची भगुनी गरिबाच्या घरी आली. ती स्वस्त, हलकी, बिनकल्हईची. पण बूड पातळ, म्हणून अन्न लवकर लागे. सोड्याने ती काळवंडतात आणि झिजतात. त्यांत चिंचेचे पाणी उकळणेच बरे. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली न गंजणारे पोलाद केले. त्याला सोडाही चालतो, काथ्याही चालतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. जेथे गॅसवर स्वयंपाक होऊ लागला, तेथे काजळी गेली. या प्रत्येक बदलाने कष्ट कमी झाले. पण घासणारे हात कुणाचे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के निघाल्या, पुरुष २६ टक्के. त्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, त्या पुरुषांचा ९७.

आपल्या जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानतात. त्यांच्या घरची दासी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. देवाने ज्या कामांना हात लावला, ती कामे आपण हलकी ठरवली.

मोल घेऊन भांडी घासणाऱ्यांनी अखेर स्वतःच तोंड उघडले. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने बाजूने मत दिले. मात्र २०२४ अखेरपर्यंत त्यावर मंजुरीची मोहोर उठवली नव्हती. तरीही 'मोलकरीण' कायद्यात 'घरकामगार' झाली, याला मोल आहे. कामगार म्हटले की ठरलेली मजुरी, आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची रजा यांची बोलणी करता येतात.

ही बोलणी दिल्ली-मुंबईलाच व्हावीत असे नाही. आपल्या गल्लीतही होतील. ज्यांच्या घरी बाई कामाला येते, त्यांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार द्यावा आणि आठवड्याची एक सुट्टी न कापता द्यावी. आणि घरी बाई येवो वा न येवो, ज्याने भांडे करपवले त्याने झोपण्यापूर्वी त्यात पाणी घालून ठेवावे. सकाळी घासणाऱ्या हातांचे अर्धे श्रम तेवढ्याने वाचतात.