१८७७ चा पाऊस आणि एक पौंड धान्य

आजच्या व्याख्यानात आपण एकाच वर्षाकडे बघणार आहोत. वर्ष १८७७. भारतात १८७१ पासूनच्या पावसाच्या ज्या सलग नोंदी आहेत, त्यांत याच्याइतका कोरडा पावसाळा दुसरा नाही. दख्खनचं दुर्दैव असं, की इथे आदल्या वर्षीचाही परतीचा पाऊस आला नव्हता. सोलापूर, नगर, साताऱ्याचा पूर्व भाग, कलादगी, सगळीकडे रब्बीची पेरणीच हुकली. लोक आधीच खंगलेले होते, त्यांच्यावर हे दुसरं वर्ष कोसळलं.

आता जरा नकाशा मोठा करू. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये शान्सी आणि हेनान प्रांतांत पाऊस नव्हता. तिथल्या बळींचा अंदाज ९० लाखांच्या पुढे जातो. ब्राझीलच्या सिआरा प्रांतातून लाखो माणसं किनाऱ्याकडे निघाली, फोर्तालेझा शहराभोवती झोपड्यांत दाटली आणि तिथे देवीच्या साथीने त्यांना गाठलं. भारतातले बळी ५० लाखांहून जास्त. तीन देश, एकमेकांपासून हजारो मैल दूर. हा योगायोग होता का?

हा प्रश्न तेव्हाही एका माणसाला पडला होता. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये नुकतंच स्थापन झालं होतं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना दिसलं, की दुष्काळाच्या काळात भारतातला हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त राहिला होता. त्यांनी इतर देशांतल्या वेधशाळांकडे आकडे मागवले. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला चार्ल्स टॉड होते. मूळचे खगोलशास्त्रज्ञ, पण तारखात्याचेही गृहस्थ, बरं का. वाळवंटातून हजारो मैलांची तार त्यांनीच ओढून घेतली होती. त्यांच्या आकड्यांतही दाब चढलेलाच निघाला. पुढे १८८८ मध्ये टॉड यांनी लिहिलं, की भारतातला आणि ऑस्ट्रेलियातला दुष्काळ पुष्कळदा बरोबरच येतो.

तिथून पुढे गिल्बर्ट वॉकर आले. हे केंब्रिजचे गणिती, बूमरँग कसं फिरतं यावर लिहिणारे. १९०४ मध्ये त्यांनी भारतातल्या खात्याची सूत्रं घेतली आणि जगभरच्या नोंदींचा हिशेब मांडत बसले. हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्यावरच्या दाबाचा हा झोका त्यांनी दाखवला. पण त्याचा पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोमट पाण्याशी, म्हणजे एल निनोशी, धागा जुळायला १९६९ साल उजाडलं. ते काम याकोब ब्यर्कनेस यांचं. १८७७-७८ चा एल निनो फार तीव्र होता, हे आज आपण जाणतो.

म्हणजे पाऊस का पडला नाही, याचं बरंचसं उत्तर मिळालं. पण माणसं का मेली? इथे आपल्याला आभाळावरून नजर काढून कागदपत्रांकडे वळावं लागतं. शान्सीत धान्य डोंगरी घाटांतून गाड्यांवर आणि जनावरांवर न्यावं लागे, वाटेतच जनावरं मरत. आपल्याकडे मात्र आगगाडी होती. पण आगगाडी धान्य आणते तसं नेतेही. जिथे भाव जास्त तिथे माल जाणार. आणि गव्हाची परदेशी निर्यात तर चालूच होती.

आणखी एक गोष्ट बघा. १८७३-७४ मध्ये बिहारात पाऊस हुकला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला आणि फार थोडे लोक दगावले. बक्षीस काय मिळालं? उधळपट्टीचा ठपका. १८७७ च्या जानेवारीत सरकारने याच टेंपल यांना दुष्काळी भागात धाडलं, ते काटकसरीची सूचना देऊनच. त्यांनी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली: दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर किरकोळ पैसे. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढंच! आमच्या मते हा निर्णय अज्ञानातून झालेला नाही. काय केलं की माणसं जगतात, हे टेंपल यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि ते छावण्या सोडून निघाले. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी यांच्यासारखी मंडळी, त्यांच्या मागे उभी राहिली; सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला धाडली. मद्रासमध्ये आरोग्य खात्याचे डॉ. कॉर्निश यांनी एक पौंडावर कष्टकरी माणूस जगत नाही असं सरकारलाच सुनावलं, आणि तिथल्या सरकारला मजुरी वाढवावी लागली. त्याच सुमारास टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले होते.