मद्य आणि अवदंश

टोमॅटो-कांद्याचे सारण घालून घरी भाजलेल्या खाऱ्या पदार्थाबरोबर कोणते द्राक्षमद्य शोभेल, हा प्रश्न आज हैद्राबादेत कोणी पुसला, तर त्यास आम्ही परकी थेरे म्हणणार नाही. मद्यासवे खावयाच्या चटकदार पदार्थास संस्कृतात ‘अवदंश’ असा स्वतंत्र शब्दच आहे. १९५६ पर्यंत हैद्राबाद राज्यात असलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वराने (११२६–११३८) ‘मानसोल्लासा’त अन्न व पान या दोहोंस राजोपभोगांत स्थान दिले. टोमॅटो मात्र त्यास अज्ञात होता. ते अमेरिकेचे फळ पुढे पोर्तुगीजांमागून आले. त्याच्या आंबटपणास तितकेच आंबटसर मद्य जुळते, एवढेच जाणते सांगतात. आमच्या नैवेद्याच्या पानात कांदा नाही, मद्यही नाही. ती मर्यादा आम्हांस प्रिय आहे. परंतु देवघराचा नियम हाच अवघ्या दक्षिणेचा इतिहास, असे मात्र आम्ही मानू नये.