सॅन प्रोटोकॉल : भेद आणि सुसंगती

सर्व्हर आणि सामायिक डिस्क-संच यांना जोडणाऱ्या स्वतंत्र जाळ्यास स्टोरेज एरिया नेटवर्क, संक्षेपाने सॅन, असे म्हणतात. या जाळ्यावरील प्रमुख प्रोटोकॉल चार आहेत. जुनी यंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलताना त्यांपैकी कोणता कोणाशी जुळतो, हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून डेटाच्या सुरक्षिततेचाही असतो.

चार प्रोटोकॉल

फायबर चॅनल : १९९४ मध्ये अमेरिकेत प्रमाणित. स्विच आणि सर्व्हरमधील कार्ड स्वतंत्र लागतात. समोरच्या पोर्टने जागा असल्याचे कळविल्याखेरीज फ्रेम पाठविली जात नाही; त्यामुळे गर्दीतही फ्रेम गळत नाहीत. पोर्ट सामान्यतः मागील दोन पिढ्यांशी जुळतो : ३२ गिगाबिटचा पोर्ट १६ आणि ८ वर चालतो, ४ वर नाही.

आयस्कझी : २००४ चे मानक. स्कझी आज्ञा टीसीपी-आयपीमधून, साध्या इथरनेटवरून जातात. गळालेले पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवितो. हा प्रोटोकॉल राउटर ओलांडू शकतो. मात्र जाळ्यावर गर्दी झाली की प्रतिसादाचा वेळ वाढतो.

एफसीओई : २००९ चे मानक. फायबर चॅनलची फ्रेम थेट इथरनेटमध्ये बसविली जाते. मध्ये आयपी नसल्याने ती राउटरपलीकडे जात नाही. फ्रेम न गळणारे इथरनेट आवश्यक असते, आणि फ्रेम २,१४८ बाइटपर्यंत असल्याने इथरनेटची नेहमीची १,५०० बाइटची मर्यादा वाढवावी लागते.

एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स : २०१६ चे मानक. वरील तिन्ही प्रोटोकॉल स्कझी आज्ञा वाहतात. येथे आज्ञासंचच निराळा, फ्लॅश साठवणीसाठी रचलेला आहे. तो आरडीएमए, फायबर चॅनल आणि, २०१८ पासून, टीसीपीवरूनही चालतो.

सुसंगतीचे तीन स्तर

पहिला स्तर जोडणीचा. दोन्ही प्रकारच्या पोर्टना तीच फायबर केबल बसते, पण फायबर चॅनल पोर्ट इथरनेट पोर्टशी बोलत नाही. केबल बसणे म्हणजे सुसंगती नव्हे.

दुसरा स्तर वहनाचा. आयस्कझी सर्व्हरला फायबर चॅनल साठवण थेट दिसत नाही. मध्ये गेटवे किंवा दोन्ही प्रकारचे पोर्ट असलेला डिस्क-संच लागतो. एफसीआयपी हा प्रोटोकॉल दोन दूरस्थ फायबर चॅनल जाळी आयपीवरून जोडतो; तो आयस्कझीचा दुभाषा नाही.

तिसरा स्तर आज्ञांचा. अलीकडचे फायबर चॅनल स्विच स्कझी आणि एनव्हीएमई दोन्ही एकाच वेळी वाहतात, पण सर्व्हर व डिस्क-संच या दोघांनाही एनव्हीएमई यावे लागते.

खरा धोका

अनेक डिस्क-संच एकच लन, म्हणजे साठवणीचा एक तार्किक खंड, एका सर्व्हरला फायबर चॅनलवरून आणि दुसऱ्याला आयस्कझीवरून देऊ शकतात. प्रोटोकॉल याला हरकत घेत नाही. परंतु फाइल सिस्टिम क्लस्टरसाठी बनविलेली नसेल, तर दोन्ही सर्व्हर परस्परांच्या नकळत लिहितात आणि डेटा नष्ट होतो. एकाच सर्व्हरला एकच लन दोन्ही मार्गांनी देणेही टाळावे; व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये अशी मांडणी समर्थित नाही.

म्हणून स्थलांतरात नव्या प्रोटोकॉलवर नवा लन घ्यावा, डेटा त्यावर हलवावा, पडताळावा आणि मगच जुना मार्ग बंद करावा. त्याआधी सर्व्हर, कार्ड, स्विच आणि डिस्क-संच यांच्या आवृत्त्या उत्पादकाच्या सुसंगती-सूचीशी ताडून पाहाव्यात.