घरगुती स्टिरिओ : नवा ‘डॅक’ घेतल्याने आवाज किती सुधारतो?

भिलाई : सीडी, मोबाईल वा संगणकातील संगीत आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्या आकड्यांचे अ‍ॅम्प्लिफायरला चालेल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारा घटक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, अर्थात ‘डॅक’. सीडी प्लेअर व संगणकात तो मुळातच असतो; स्वतंत्र पेटीच्या रूपात तो काही हजारांपासून लाखो रुपयांपर्यंत मिळतो. मात्र एवढा खर्च केल्यावर भिलाईनजीकच्या गनियारीच्या पंडवानी गायिका, पद्मविभूषण तीजनबाई यांच्या तंबोऱ्याचा झंकार अधिक स्पष्ट ऐकू येईल काय? बहुतेक घरांत याचे उत्तर नकारार्थी आहे.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा परिस्थिती निराळी होती. सीडीवरील ध्वनी १६ बिटांचा, पण फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमधील डॅक १४ बिटांचाच होता. उरलेली उणीव ‘ओव्हरसॅम्पलिंग’ या युक्तीने भरून काढण्यात आली. आज स्वस्त डॅकमधील विकृतीही सहसा एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहून कमी असते. याउलट चांगल्या स्पीकरमध्येसुद्धा खर्जाच्या स्वरांत ती एक टक्क्यावर जाऊ शकते. म्हणजे साखळीतील कच्चा दुवा दुसरीकडेच आहे.

त्यातून घर भिलाईचे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद प्रकल्पाच्या वसाहतीतील पक्क्या भिंती आणि उघडी फरशी आवाज परावर्तित करतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंखा बंद करून गाणे ऐकणार कोण? पंख्याच्या घरघरीने खोलीतील आवाज ४० डेसिबलच्या आसपास राहतो. सीडीची सुमारे ९६ डेसिबलची क्षमताच तिथे पुरती वापरली जात नाही. २४ बिटांचा डॅक आणखी काय देणार?

तरीही नवा डॅक जोडताच फरक जाणवल्याचे अनेकजण सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा संकेत बाहेर पडतो. काही डॅक त्याहून जास्त देतात. किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो. म्हणून दोन्ही उपकरणांची पातळी मोजून समान करावी आणि कोणते वाजते आहे हे श्रोत्याला कळू देऊ नये. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ मध्ये मेयर व मोरान यांनी अशाच चाचण्या प्रसिद्ध केल्या. उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवले असता, ५५४ प्रयत्नांत अचूक उत्तरे जवळपास निम्मीच आली. नाणेफेकीतही तेवढीच येतात.

डॅक घेणे रास्त ठरावे असे प्रसंगही आहेत. दूरचित्रवाणी संचाला केवळ ऑप्टिकल जोडणी असेल आणि अ‍ॅम्प्लिफायर जुना असेल, तर डॅकवाचून गत्यंतर नाही. संगणकाच्या हेडफोन जोडणीतून माऊस हलवताच खरखर येत असेल, तर बाहेरचा यूएसबी डॅक उपयोगी पडतो. मात्र आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. पुष्कळदा गुणगुण तिथूनच येते आणि तपासणीला पैसा लागत नाही. या कामांसाठी साधा, स्वस्त डॅक पुरेसा आहे.

उरलेली रक्कम स्पीकरवर, सतरंजीवर आणि जाड पडद्यांवर खर्च करावी. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले तरी खर्जाची घुमघुम कमी होते.