नांगर चालतो का?

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर गाडी थांबली की मला अब्बा आठवतात. आम्ही शिकलगार. अब्बा विळे-कोयत्यांना धार लावायचे. चाक फिरवायला दुसरा माणूस लागे, म्हणून त्यांनी सायकलची चेन आणि पायाने दाबायची फळी जोडून एकट्याने चालणारं चाक केलं. कुणी म्हणालं, पेटंट घ्या. ते एका कचेरीत गेले. "सगळं लिहून, नकाशा काढून आणा," असं उत्तर मिळालं. अब्बांना लिहिता येत नव्हतं.

यंत्र चालतं का, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान दिलं आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगलीत. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळल्या, नांगर झाले.

शेतकऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. जमीन त्याची, बैल त्याचे, बुडालं तर कर्जही त्याचंच. त्याने आधी रानात चालवून दाखवा म्हटलं, एवढंच.

कोर्टही तेच विचारतं. मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडी बनवण्याच्या युक्तीचं १९५१ साली पेटंट घेतलं होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयात ते आधी रद्द झालं, अपिलात टिकलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केलं. कारखान्यात होणारी साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा निकालाचा मथितार्थ. अब्बांचं चाकही कदाचित इथेच अडलं असतं. पण अडायलासुद्धा आधी दारापर्यंत जावं लागतं.

१९७० च्या पेटंट कायद्यात एक सुंदर अट आहे. शोधाचं वर्णन असं हवं, की भारतातल्या बेताच्या कौशल्याच्या कारागिराला ते वाचून वस्तू चालवता यावी. नाहीतर पेटंट रद्द होऊ शकतं. म्हणजे कायद्याचं माप कुणी मोठा इंजिनियर नाही. कुंडलचा लोहार आहे, आमच्या गल्लीतला शिकलगार आहे.

हे कलम मी वाचलं तेव्हा अब्बा गेले होते. ते चाक मोडीत गेलं होतं. ज्या वर्षी ते कचेरीतून हात हलवत परत आले, त्या वर्षी मी बी. ए. ला होतो. त्यांच्या चाकाचं वर्णन लिहायला चार पानं पुरली असती. मी त्याच खोलीत, त्याच चाकाचा आवाज ऐकत, वहीभर कविता लिहीत होतो.