जपानीचं दार मराठीतून

बडोद्याजवळच्या कोयलीत १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला तो सोव्हिएत मदतीने. आज त्या परिसरातल्या तरुणाला परकी भाषा शिकावीशी वाटली, तर ती बहुधा रशियन नसते. मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेमार्गाचं भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी जपानच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत झालं, त्या रेल्वेची प्रशिक्षणसंस्था बडोद्यात आली, आणि जपानने २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो व्हिसा खुला केला त्याला साधारण जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-४ पातळीची जपानी लागते. गायकवाडी काळापासून या भागात मराठी घरं आहेत. त्या घरातलं मूल घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतं. त्याने जपानीत शिरायचं कोणत्या भाषेच्या दाराने, एवढ्याच प्रश्नाचा इथे विचार करायचा आहे. प्रचलित उत्तर इंग्रजी, कारण पुस्तकं इंग्रजीत आहेत. माझ्या मते हे दार उलट्या बाजूला उघडतं.

आधी उच्चार. जपानीत त-ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी चालते. इकारापुढे ‘चि’ आणि उकारापुढे ‘त्सु’ असं का होतं, हे इंग्रजी पुस्तकाला अपवाद म्हणून सांगावं लागतं. मराठी माणूस मात्र ‘चिमणी’ आणि ‘चूल’ हे दोन ‘च’ जन्मापासून वेगळे उच्चारतो, आणि तेही त्याच नियमाने: इ-ईपुढे तालव्य, उ-ऊपुढे दंत्य. ‘जिरे’ आणि ‘जुना’ यांचंही तसंच. शेजारच्या गुजराती मित्राला ‘त्सुनामी’तला पहिला वर्ण घोटावा लागतो, याला लागत नाही. स-ओळीत ‘सि’ नाही, ‘शि’ आहे. आपण तरी घसा-घशात, म्हैस-म्हशी यापेक्षा वेगळं काय करतो? जपानीत ‘हानासु’ (बोलणे) या क्रियापदाचं ‘हानाशिते’ होतं, ते याच वळणाने. अडचण आहे ती स्वरांच्या लांबीची. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्याच्या वयाची बाई आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. मराठीत अ आणि आ यांच्यात स्वराचा रंगच बदलतो, त्यामुळे नुसत्या लांबीने अर्थ बदलतो हे कानाला मुद्दाम शिकवावं लागतं.

जपानी वर्णक्रमही ओळखीचा निघतो. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून ही मांडणी आली. च-वर्गाच्या जागी स-ओळ आणि प-वर्गाच्या जागी ह-ओळ आहे, कारण आजच्या ‘ह’चा जुना उच्चार ‘प’ होता आणि त्या काळचा ‘स’ बहुधा ‘त्स’सारखा असावा. हे कळलं की शब्दकोश उघडायला भीती वाटत नाही. याहून जास्त फायदा मात्र त्यात नाही, आणि ‘जपानी लिपी आपल्याकडूनच गेली’ अशी फुशारकी तर अजिबात मारू नये. गेला तो क्रम, अक्षरं नव्हेत.

खरा नफा क्रियापदात आहे. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आणि नामामागून येणारे प्रत्यय सारखे आहेत, हे पहिल्याच दिवशी कुणीही सांगतो. त्याच्या पुढे जायला हवं. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मॅसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात शब्दक्रम, प्रयोजक क्रियापदं, पूर्वकालवाचक धातुसाधितं, संयुक्त क्रियापदं आणि ‘मला’सारखी चतुर्थीची रचना अशा पाच लक्षणांचा मागोवा घेतला. ही लक्षणं भारतात एकवटलेली दिसतात, पण त्यांचा पट्टा मध्य आशियातून थेट कोरिया-जपानपर्यंत पोचतो. तोक्योच्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेतले प्राध्यापक प्रशांत परदेशी यांनी मराठी आणि जपानीची तुलना याच अंगाने पुढे नेली.

उदाहरणं घेऊ. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे आणि ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातली एकेक जोडी वेगळा पाठ म्हणून शिकावी लागते. मराठी विद्यार्थ्याला ‘-ऊन’च्या जागी ‘-ते’ ठेवलं की निम्मं काम होतं. ‘शिमाउ’ जास्त मजेशीर आहे. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकलं, पण ‘वासुरेते शिमात्ता’ म्हणजे विसरून बसलो. जपानीत एकच सहायक क्रियापद पूर्णताही दाखवतं आणि चुकचुकणंही. मराठीने ते काम टाकणे आणि बसणे यांच्यात वाटून घेतलं आहे. कोणत्या ठिकाणी कोणतं, हे मराठी कान आपोआप ठरवतो.

इंग्रजीच्या आडवाटेने होणारं नुकसान ‘-ते इरु’ या रूपात सर्वांत स्पष्ट दिसतं. इंग्रजी पुस्तकं ते आधी चालू क्रियेचं रूप म्हणून शिकवतात. मग ‘केक्कोन शिते इरु’ या वाक्याचा अर्थ विद्यार्थी ‘लग्न करतोय’ असा लावतो, आणि मुलाखतीत विवाहित माणूस मांडवात उभा राहतो. अर्थ आहे ‘लग्न झालेलं आहे’. मराठीत आपण ‘तो खातो आहे’ आणि ‘तो बसला आहे’ असे दोन वेगळे साचे वापरतो. क्रिया चालू असेल तर पहिला, क्रिया घडून तिची अवस्था टिकून असेल तर दुसरा. जपानीत दोन्हींना ‘-ते इरु’ लागतं: ‘ताबेते इरु’ आणि ‘सुवात्ते इरु’. कोणत्या क्रियापदाला कोणता अर्थ, हे मराठी भाषांतर करून पाहिलं की बहुतेक वेळा लगेच कळतं. तीच गत ‘आवडणे’ची. ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यात क्रियापद आंब्याशी जुळतं. जपानीतही आवडणाऱ्या गोष्टीला कर्त्याचा ‘गा’ लागतो, कर्माचा ‘ओ’ नव्हे. ‘समजणे’ म्हणजे ‘वाकारु’ही तसंच चालतं. इंग्रजीची सवय असलेला विद्यार्थी इथे हमखास ‘ओ’ लावतो, आणि चिडून म्हणतो की जपानीत नियमच नाहीत.

साम्य जिथे दगा देतं तेही नोंदवायला हवं. मराठीत ‘लिहून दिलं’ म्हटलं की कुणी कुणाला, हे संदर्भ सांगतो. जपानीत देणं बाहेरून माझ्याकडे आलं तर ‘कुरेरु’, माझ्याकडून बाहेर गेलं तर ‘आगेरु’. दिशा क्रियापदातच असते आणि ती चुकली तर उपकाराचा हिशेब उलटतो. आदराचं प्रकरण याहून अवघड. मराठीत आदर माणसाला चिकटलेला असतो: बाबा घरात ‘आले’ आणि शेजाऱ्यांपुढेही ‘आले’च. जपानीत तो ऐकणाऱ्यानुसार सरकतो. घरात वडील ‘ओतोओसान’, बाहेरच्यापुढे ‘चिचि’. कंपनीत तर बाहेरच्या ग्राहकाशी फोनवर बोलताना आपल्याच वरिष्ठाचं आडनाव ‘सान’ या आदरार्थी प्रत्ययाशिवाय घ्यायचं आणि त्याच्यासाठी नम्र क्रियापद वापरायचं. ‘आमचे साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या जिभेला हे उद्धट वाटतं. नियम कळणं सोपं आहे, तोंडातून निघणं कठीण. गंमत अशी, की १९८४ पासून चालत आलेल्या त्या प्रावीण्य परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. प्रमाणपत्र हातात असतं आणि पहिल्या फोनला माणूस गप्प होतो.

लिपीपुढे मराठीचं सगळं भांडवल संपतं. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं महिन्याभरात होतात. पण नेहमीच्या वापरासाठी सरकारने २०१० मध्ये ठरवलेल्या यादीत २,१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, आहेत, आणि बहुतेक कांजींचे वाचनप्रकार एकाहून जास्त. ‘पाणी’ या अर्थाचं चिन्ह एकटं आलं तर ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुइ’. आपल्याकडे एकाच खुणेला कधी ‘पाणी’ आणि कधी ‘जल’ वाचायची पद्धत असती तर जे झालं असतं, तेच. चिनी विद्यार्थी इथे पहिल्या दिवसापासून पुढे असतो आणि व्याकरणात अडखळतो. आपलं नेमकं उलटं. म्हणून कोयलीच्या विद्यार्थ्याने चिनी किंवा इंग्रजी भाषकासाठी आखलेलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. ‘-ते’ची रूपं मराठी वाक्यांवरून झपाट्याने उरकावीत, वाचलेले तास रोजच्या कांजीला द्यावेत, आणि आठवड्यातून एकदा तरी समोर कुणाला बसवून खोटा फोन करावा, ज्यात साहेबांचा उल्लेख ‘सान’शिवाय होईल.