टचस्क्रीन–अँटेना व्यतिकरण

एकाच उपकरणातील टचस्क्रीन आणि अँटेना यांनी परस्परांच्या कामात आणलेला विद्युतचुंबकीय अडथळा. मोबाइल, टॅब्लेट, दुकानातले कार्ड पेमेंटचे यंत्र, एसटी वाहकाच्या हातातले अँड्रॉइड तिकीट यंत्र या सर्वांत पडदा आणि अँटेना यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते. त्यामुळे हा अडथळा पुरता नाहीसा करता येत नाही. आटोक्यात ठेवावा लागतो.

आजच्या बहुतेक टचस्क्रीन धारितेतील बदलावर चालतात. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडच्या पारदर्शक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. नियंत्रक चिप एका दिशेच्या पट्ट्यांना विद्युतस्पंद देते आणि दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांवर त्यांचा किती अंश पोहोचला ते मोजते. दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात तेथील धारिता साधारणपणे एक पिकोफॅरडच्या आगेमागे असते आणि बोट टेकल्यावर तीत पडणारा फरक त्याच्याही लहान अंशाएवढाच असतो. इतका बारीक फरक टिपणारा भाग धातूच्या पत्र्याने पूर्ण झाकता आला असता, तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण बोटाचा परिणाम ज्या वाटेने आत पोहोचतो, त्याच वाटेने गोंगाटही शिरतो. पत्रा लावला की दोन्ही अडतात. म्हणूनच या विषयात शील्डिंगपेक्षा मांडणीला आणि वेळेच्या वाटणीला अधिक महत्त्व आहे.

टचस्क्रीनचे स्पंद बहुधा काहीशे किलोहर्ट्‌झचे, तर मोबाइलच्या लहरी शेकडो मेगाहर्ट्‌झच्या. एवढी तफावत असूनही दोहोंची गाठ पडते, कारण चिपच्या प्रवेशद्वाराशी असलेले डायोड आणि ट्रान्झिस्टर तीव्र रेडिओ लहरींचे एकदिशीकरण करतात. मग मूळ लहर गळून पडते आणि तिच्या चढउताराचा आराखडा तेवढा मागे राहतो. टू-जी फोनमध्ये हा आराखडा ठळक असतो. असा फोन दर ४.६१५ मिलिसेकंदांच्या चक्रात फक्त ५७७ मायक्रोसेकंद, म्हणजे एक-अष्टमांश वेळ प्रक्षेपण करतो. सेकंदाला सुमारे २१७ झटके. जुन्या रेडिओजवळ फोन ठेवल्यावर येणारी घरघर याच झटक्यांची असते. टचस्क्रीनवर त्यांचा परिणाम आवाजाऐवजी खोट्या स्पर्शांच्या रूपात दिसतो. बोट न लावता बटण दाबले जाते, ओढलेली रेघ तुटते. दुरुस्तीवाले याला ‘टच पळतो’ म्हणतात.

या त्रासाची तीव्रता ठिकाणावर अवलंबून असते. टॉवर जवळ असेल तर फोन कमी शक्तीवर भागवतो. दूर असेल तर कमाल शक्ती लावतो. ९०० मेगाहर्ट्‌झच्या टू-जीमध्ये ही कमाल मर्यादा २ वॉट आहे, फोर-जीमध्ये सर्वसाधारणपणे ०.२ वॉट. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या गजानन महाराजांच्या पालखीत चालणाऱ्या वारकऱ्याचा फोन उदाहरणादाखल घेता येईल. दोन गावांमधल्या उघड्या रस्त्यावर सिग्नलची एखादीच काडी उरते आणि प्रक्षेपण जोरात होते. त्यातच पावसाचे थेंब काचेवर पडून धारितेची मोजणी बिघडवतात, आणि फोनवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे बोटाचा परिणाम आणखी क्षीण होतो. प्रयोगशाळेतल्या कोरड्या टेबलावर निर्दोष ठरलेला पडदा अशा रस्त्यावर खरा कसोटीला लागतो. रचनाकारांनी चाचणीत ही परिस्थिती धरलीच पाहिजे.

सर्वांत परिणामकारक उपाय वेळेचा. प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वी मोडेम टचच्या नियंत्रकाला एका तारेवरून सूचना देतो आणि तेवढ्या क्षणापुरती मोजणी थांबते. टू-जीत सात-अष्टमांश वेळ मोकळा असल्याने बोटाला हा विराम जाणवतही नाही. दुसरा उपाय वारंवारता बदलण्याचा: नियंत्रक आधी गोंगाट ऐकतो आणि त्यातल्या त्यात शांत वारंवारतेवर स्पंद देतो. शेजारच्या दोन पट्ट्यांतील फरक मोजल्यास दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट वजा होतो. मांडणीत अँटेना पडद्याच्या जोडकेबलपासून दूर, बहुधा फोनच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला ठेवतात, आणि जाळीच्या कडेने अर्थची पट्टी फिरवतात.

उलट दिशेचा त्रास वापरणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. टचच्या स्पंदांच्या आणि पडद्याकडे चित्र नेणाऱ्या वेगवान तारांच्या गुणित वारंवारता अँटेनात शिरतात. जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्‌झचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. एवढ्याशा गोंगाटातही तो बुडतो. येथे स्पंदांच्या कडा मुद्दाम बोथट करतात, तारांवर गाळण्या बसवतात आणि फोनने चॅनेल बदलला की पडद्याचे घड्याळही किंचित सरकवतात.

स्पर्शरहित कार्ड वाचणाऱ्या यंत्रात अडचण वेगळी. त्याच्या १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या अँटेनाचे वेटोळे अनेकदा पडद्याभोवतीच असते, कारण ग्राहक कार्ड तिथेच टेकवतो. पडद्यामागच्या धातूत भोवरप्रवाह निर्माण होऊन वेटोळ्याचे क्षेत्र दुबळे होते. मधे फेराइटचा पातळ पत्रा घातल्यास ते सावरते. कार्ड वाचले जाईपर्यंत टचची मोजणी थांबवता येते.

चार्जर लावल्यावरच टच पळत असेल, तर दोष बहुधा अँटेनाचा नसून चार्जरच्या गोंगाटाचा असतो; चार्जर काढून पाहणे ही पहिली तपासणी. पडदा बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर पडद्यामागची तांब्याची टेप किंवा अर्थिंगची बारीक स्प्रिंग परत बसवली आहे का ते पाहावे. फोल्डर, म्हणजे पडद्याचा पूर्ण संच, बदलताना हा नखाएवढा तुकडा सहज टेबलावर राहून जातो, आणि नवा पडदा निष्कारण खराब ठरतो.

महाराष्ट्रात विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांत १९८४ साली मुंबईत स्थापन झालेली समीर ही संस्था आणि वाहनांतील इलेक्ट्रॉनिकीसाठी पुण्याची एआरएआय या प्रमुख आहेत. लहरी शोषून घेणाऱ्या भिंतींच्या बंद कक्षात उपकरण ठेवून त्यातून बाहेर पडणारा गोंगाट मोजतात, आणि ठरावीक तीव्रतेच्या लहरी सोडून ते तग धरते का तेही पाहतात. शेगावात १९८३ पासून चालणाऱ्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार ही शाखा शिकवली जाते. अँटेना आणि चिप हे विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या पेपरांत येतात. हे व्यतिकरण समजायला ते दोन्ही एकत्र वाचावे लागतात.